मे महिना, पावसाळा आणि बाबांचे सहा लाख : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

काल बाबा निवृत्त झाले. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९६७. खरी तारीख आजीलाही आठवत नव्हती. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, आणि त्या पिढीतल्या हजारो मुलांचा वाढदिवस कागदोपत्री एकाच दिवशी आला. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ मे हा दरवर्षी निरोपसमारंभांचा दिवस असतो.

या प्रकल्पाचं निमित्त त्या समारंभातच घडलं. बाबांच्या आधी सात वर्षं निवृत्त झालेले एक सर जेवताना म्हणाले, "पैसे आले की लगेच बाजारात घालू नका. मे महिन्यात विकायचं, पावसाळाभर रोकड हातात ठेवायची आणि दिवाळीच्या मुहूर्ताला घ्यायचं. बाजारालाही ऋतू असतात." हे सर वीस-एकवीस वर्षं बाजार रोज पाहतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "हे खरं आहे का गं? गणितात बसतं का?"

बाबांची पेन्शन जुन्या योजनेतली आहे, घरखर्च त्यात भागतो. ग्रॅच्युइटीतला मोठा भाग बँकेत ठेव म्हणून राहील. सहा लाख रुपये निफ्टीच्या इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) घालायचे हे आधीच ठरलंय. प्रश्न एवढाच, की कधी घालायचे.

कामाची पद्धत ठरवली. मी पुण्यात शीटवर आकडे काढणार, बाबा गावाकडे फुलस्केप वहीत हाताने काढणार. दोघांचा आकडा जुळल्याशिवाय पुढची पायरी नाही. बाबांनी पस्तीस वर्षं गणित शिकवलंय, तोंडी हिशेबावर त्यांचा विश्वास नाही.

८ जून २०२५, रविवार

आज फक्त वाचन. 'मे मध्ये विका' ही म्हण मुळात इंग्लंडची. तिथे तिचं दुसरं टोक दिवाळी नसून डॉन्कास्टरला सप्टेंबरात होणारी सेंट लेजर ही घोड्यांची शर्यत आहे. श्रीमंत मंडळी उन्हाळ्यात लंडन सोडून गावी जात, शर्यतीच्या सुमारास परत येत आणि मधल्या काळात सौदे मंदावत. म्हणजे म्हणीमागे माणसांची खरी ये-जा होती.

पुढे ही गोष्ट आकड्यांत तपासली गेली. बाउमन आणि जेकबसन या दोन अभ्यासकांनी २००२ साली ३७ देशांचे बाजार पाहिले. त्यांतल्या ३६ देशांत नोव्हेंबर ते एप्रिल हे सहा महिने मे ते ऑक्टोबरपेक्षा सरासरीने सरस निघाले. हे वाचून मी थोडी दचकले. सरांचं म्हणणं खोटं ठरणार असं मनात धरून मी बसले होते, हे लक्षात आलं. तसं धरून चालणार नाही.

जानेवारीचंही असंच. अमेरिकेत सिडनी वॉक्टेल यांनी १९४२ मध्येच जानेवारीतली तेजी नोंदवली होती. १९७६ मध्ये रोझेफ आणि किनी यांनी ती पुन्हा दाखवली. छोट्या कंपन्यांत ती जास्त दिसते. कारण सांगतात ते असं: तिथलं करवर्ष डिसेंबरात संपतं, लोक तोट्यातले शेअर तेव्हा विकून करात सूट घेतात आणि जानेवारीत पुन्हा खरेदी करतात.

बाबांना फोनवर हे सांगितलं. ते लगेच म्हणाले, "मग आपल्याकडे ते एप्रिलमध्ये दिसायला हवं, आपलं वर्ष मार्चअखेर संपतं." अगदी बरोबर. हाच नियम शीटच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवला: एखादा महिना चांगला दिसला तर आधी त्याचं कारण शोधायचं. ते कारण आपल्या देशात लागू आहे का, हे बघायचं.

१५ जून २०२५, रविवार

आठवडा फुकट गेला असं वाटलं होतं, पण गेला नाही.

निफ्टीचे रोजचे बंद भाव उतरवून घेतले. निफ्टी एप्रिल १९९६ मध्ये सुरू झाला. ३ नोव्हेंबर १९९५ हा पाया धरून त्या दिवशीचा आकडा १,००० मानलेला आहे. आम्ही २००४ पासूनचा काळ घेतला, कारण बाबांच्या आठवणीत तेवढा बाजार आहे आणि आकडा पटला नाही तर ते हटकू शकतात.

आणि त्यांनी हटकलंच. माझ्या शीटवर मे २००९ अगदी साधासुधा महिना दिसत होता. बाबा म्हणाले, "शक्यच नाही. लोकसभेचे निकाल शनिवारी १६ मे ला लागले, आणि सोमवारी बाजार उघडताच सर्किट लागून, म्हणजे भाव ठरलेल्या मर्यादेपलीकडे चढून, बंद पडला होता. शाळेला सुट्टी होती, मी टीव्हीसमोर होतो." त्यांचं बरोबर होतं. १८ मे २००९ ला सेन्सेक्स एका दिवसात २,११० अंकांनी, म्हणजे १७ टक्क्यांहून जास्त चढला होता.

चूक तारखांत होती. फाईलमध्ये दिवस आधी आणि महिना नंतर होता, माझ्या शीटची मांडणी अमेरिकन असल्याने ती महिना आधी वाचत होती. ५ जूनचा ६ मे झाला. बारा तारखेनंतरचे दिवस तारीख म्हणून ओळखलेच गेले नाहीत, ते नुसती अक्षरं म्हणून पडून राहिले आणि सरासरीतून गुपचूप वगळले गेले. कुठेही लाल खूण नाही, सगळे रकाने भरलेले. ऋतूंचा हिशेब करताना महिनेच अदलाबदल झाले तर उरलं काय? सगळं पुसून पुन्हा भरलं. आता वही आणि शीट जुळतात.

२२ जून २०२५, रविवार

मे महिना पूर्ण झाला. एप्रिलअखेरच्या बंद भावापासून मेअखेरच्या बंद भावापर्यंत निफ्टीत किती टक्के फरक पडला, तो २००४ ते २०२५ अशा बावीस वर्षांचा.

आधी पहिली पाच वर्षं. २००४ मध्ये उणे १७.४, २००५ मध्ये अधिक ९.७, २००६ मध्ये उणे १३.७, २००७ मध्ये अधिक ५.१, २००८ मध्ये उणे ५.७. पाचांची सरासरी उणे ४.४. २००८ च्या उन्हाळ्यात कुणी ही यादी केली असती तर 'मे मध्ये विका' या म्हणीला याहून मोठा पुरावा त्याला नको होता. सरांनी याच सुमारास बाजार पाहायला सुरुवात केली. त्यांचं मत कुठून आलं असेल ते मला इथे कळलं.

मग २००९ येतं: ३,४७३.९५ वरून ४,४४८.९५. एका महिन्यात २८ टक्के. आधीच्या पाच वर्षांचं सगळं नुकसान एका महिन्याने भरून काढलं. २००९ ते २०२५ या सतरा वर्षांची सरासरी अधिक २.४ येते, पण त्यातून एकटं २००९ काढलं की ती ०.८ च्या खाली घसरते.

बावीस वर्षांची मिळून सरासरी ०.८४ टक्के. बारा वेळा वर, दहा वेळा खाली. त्यातलं २०१८ सालचं 'खाली' म्हणजे १०,७३९ वरून १०,७३६, फक्त तीन अंक. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, १.२.

बाबांनी वहीत २००४, २००९ आणि २०१४ या ओळींना लाल पेन्सिलीने गोल केले. तिन्ही वर्षी लोकसभेचे निकाल मे महिन्यात लागले. २००४ मध्ये निकालानंतरच्या सोमवारी, १७ मे ला, सेन्सेक्स ५६४ अंक पडून ४,५०५ वर आला. २०१४ मध्ये निफ्टी महिन्याभरात ८ टक्के चढला. २०१९ चा निकालही २३ मे चा. म्हणजे ज्याला आपण 'मे चा स्वभाव' म्हणतो त्यातला बराचसा भाग मतमोजणीच्या तारखेचा आहे. २०२४ मध्ये मतमोजणी ४ जूनला झाली आणि सेन्सेक्सची ४,३८९ अंकांची पडझड जूनच्या खात्यात गेली. हीच मतमोजणी पाच दिवस आधी झाली असती तर ती घसरण मे च्या नावावर चढली असती.

२९ जून २०२५, रविवार

मे च्या बावीस आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, ८.९ आलं. बावीसच्या वर्गमुळाने भागलं की १.९. म्हणजे ०.८४ ही सरासरी दोन्ही बाजूंना याच्या दुप्पट, पावणेचार टक्क्यांपर्यंत सहज हलू शकते. मे महिना खरोखर वाईट असेल तरी हा आकडा येऊ शकतो, खरोखर चांगला असेल तरीही. बावीस वर्षं ऐकायला खूप वाटतात, पण प्रत्येक वर्षात मे एकदाच येतो.

६ जुलै २०२५, रविवार

आषाढी एकादशी. गावी गेले होते. दुपारी साबुदाण्याची खिचडी झाल्यावर बाबांनी माझ्या मुलाला बोलावलं आणि रुपयाचं नाणं काढलं.

खेळ असा. बारा ओळी आखल्या, प्रत्येकीला महिन्याचं नाव दिलं. प्रत्येक ओळीत बावीस वेळा नाणं उडवायचं, छापा पडला तर 'बाजार वर', काटा पडला तर 'खाली'. एकूण २६४ वेळा. मुलगा सहावीत आहे, त्याने ते मनापासून केलं. मध्ये आजीने दोनदा चहा केला. शेवटी सप्टेंबरच्या ओळीत बावीसपैकी पंधरा छापे आले. मुलगा उड्या मारत म्हणाला, "आजोबा, सप्टेंबरमध्ये घ्या!"

बाबांनी त्याला जवळ बसवून दाखवलं, की नाण्याला महिने कळत नाहीत. मग संध्याकाळी आम्ही दोघांनी नीट हिशेब केला. एखाद्या ठरावीक ओळीत पंधरा किंवा जास्त छापे येण्याची शक्यता ६.७ टक्के. पण बारांपैकी कुठल्याही एका ओळीत तसं होण्याची शक्यता ५६ टक्के. म्हणजे नाण्यालाही निम्म्याहून अधिक वेळा एक 'शुभ महिना' सापडतो. आणि बाजार काही निखळ नाणं नाही. लांब पल्ल्यात त्याचा कल वर आहे, त्यामुळे वर गेलेल्या महिन्यांचे असे पुंजके त्यात आणखी सहज दिसतील.

बारा महिन्यांचा रंगीत तक्ता कुणी दाखवला आणि त्यातला सर्वांत हिरवा महिना बोटाने दाखवला, तर यापुढे मला हा कागद आठवेल. शीटपेक्षा तो जास्त बोलका आहे. वहीत चिकटवून ठेवला.

१३ जुलै २०२५, रविवार

एक गोष्ट सुरुवातीलाच पाहायला हवी होती, ती आज पाहिली: लाभांश.

रोज बातम्यांत दिसणारा निफ्टी फक्त भावाचा आहे. कंपनी लाभांश (नफ्यातला भागधारकांचा वाटा) देते तेव्हा त्या दिवशी शेअरचा भाव साधारण तेवढ्याने उतरतो आणि निर्देशांक थोडा खाली येतो. प्रत्यक्षात पैसा गुंतवणूकदाराच्या खात्यात आलेला असतो. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या मार्चअखेरचे हिशेब झाल्यावर वार्षिक सभेच्या आसपास अंतिम लाभांश देतात, म्हणजे जून, जुलै, ऑगस्टमध्ये. त्यामुळे नुसत्या भावाच्या निफ्टीवर उन्हाळा-पावसाळ्याचे महिने आहेत त्यापेक्षा किंचित फिके दिसतात.

एकूण परताव्याचा वेगळा निर्देशांक असतो, त्यात लाभांश धरलेला असतो. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांना स्वतःची तुलना त्याच्याशीच करायला लावली. फरक वर्षाला एक-दीड टक्क्याच्या आसपास, पण तो वर्षभर सारखा वाटलेला नाही आणि आपला प्रश्न नेमका महिन्यांचाच आहे.

कॅलेंडरमधला कारणासकट सापडलेला पहिला नमुना हा. गंमत म्हणजे तो सरांच्या विरुद्ध बाजूला झुकतो: पावसाळ्यात रोकड धरून बसणाऱ्याचा लाभांश हुकतो.

२० जुलै २०२५, रविवार

ग्रॅच्युइटी जमा झाली. आता निर्णय लांबवता येणार नाही, म्हणून आज सरांची रीतच पूर्ण चालवून पाहिली: ऑक्टोबरअखेर घ्यायचं, एप्रिलअखेर विकायचं.

तिच्या बाजूने सर्वांत मोठं वर्ष २००८. एप्रिलअखेर निफ्टी ५,१६५.९०, ऑक्टोबरअखेर २,८८५.६०. उणे ४४ टक्के. यात एकट्या ऑक्टोबरची घसरण २६ टक्के. त्या वर्षी मे च्या आधी विकून बसलेला माणूस वाचला, आणि अशा वेळी वाचणं ही लहान गोष्ट नाही. निवृत्त माणसासाठी तर नाहीच. हे मी बाबांना स्पष्ट सांगितलं.

तिच्या विरुद्ध सर्वांत मोठं वर्ष २०१९-२०. दिवाळीच्या सुमारास, ऑक्टोबरअखेर, ११,८७७ ला घेतलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंक पडला. एप्रिलअखेर नियमाप्रमाणे ९,८५९.९० ला विकलं, १७ टक्के तोटा. आणि मग मे ते ऑक्टोबर निफ्टी १८ टक्के चढला, तेव्हा हा माणूस बाहेर. पडझडीला रोगाची साथ कारण होती, तिने महिना पाहिला नव्हता.

त्यानंतर बाबांनी एक प्रश्न विचारला जो मला सुचला नव्हता: "दरवर्षी विकलं तर कर किती?" दिवाळीला घेऊन मे च्या आधी विकलं तर मुदत नेहमीच बारा महिन्यांच्या आत. म्हणजे नफा अल्पकालीन, आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर २० टक्के कर. वर्षाहून जास्त ठेवलं तर दीर्घकालीन, १२.५ टक्के, तोही वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. सरांच्या रीतीला दरवर्षी आधी हा फरक भरून काढावा लागेल, मग पुढची गोष्ट. आमच्या दृष्टीने इथेच ती रीत बाजूला पडली.

पण सहा लाख एकदम घालायलाही बाबा तयार नाहीत. हिशेबाने एकरकमी चालतं, पण झोप लागायला हवी, आणि २००८ चा आकडा त्यांनी आजच पाहिलाय. ठरलं ते असं: सगळी रक्कम लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा फंड), तिथून दरमहा दहा तारखेला पन्नास हजार इंडेक्स फंडात, बारा हप्ते. वर्षातला प्रत्येक महिना एकदा येईल. कुठला शुभ, कुठला अशुभ हे ठरवायची गरजच उरत नाही.

३ ऑगस्ट २०२५, रविवार

निर्णय झाला तरी प्रकल्प सुरू ठेवायचा असं बाबांनी सांगितलं. आता त्यांचा आवडता विषय: पाऊस. आमच्या गावात बाजार म्हणजे आठवडी बाजार, आणि तो पावसावर चालतो हे लहानपणापासून पाहिलंय. मग दलाल स्ट्रीटवरचा बाजार का चालू नये?

हवामान खात्याच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची सरासरीशी टक्केवारी एका रकान्यात आणि त्याच चार महिन्यांतला निफ्टी दुसऱ्यात.

२००९ मध्ये पाऊस सुमारे ७८ टक्के, मोठा दुष्काळ. निफ्टी अधिक १४. २०१४ मध्ये पाऊस ८८, निफ्टी अधिक १०. २०१५ मध्ये पाऊस ८६, निफ्टी उणे ६ च्या जवळ, पण ती पडझड चीनने ऑगस्टमध्ये युआनचं मूल्य उतरवल्यानंतरची, पावसाची नव्हे. २०१३ मध्ये पाऊस १०६, निफ्टी उणे ४. २०१९ मध्ये पाऊस ११०, तरी निफ्टी उणे पावणेचार. २०२४ मध्ये पाऊस १०८ आणि निफ्टी अधिक १४.६, म्हणजे दुष्काळी २००९ च्याच घरात.

बाबा बराच वेळ गप्प होते. २००९ आणि २०१४ त्यांनी शेतातून पाहिलेत. चुलत्यांची विहीर आटली होती, शाळेतली पोरं ऊसतोडीला आईबापांबरोबर गेली ती परत आली नाहीत. "आपलं वर्ष वाईट गेलं तेव्हा यांचं चांगलं गेलं," एवढंच म्हणाले. निफ्टीत बँका, सॉफ्टवेअर, तेल यांचा भार मोठा आहे. शेतकऱ्याचं नुकसान त्या पन्नास नावांत फारसं उमटत नाही. या आकड्यांनी बाजाराबद्दल जेवढं सांगितलं त्याहून जास्त आपल्याबद्दल सांगितलं, असं मला वाटलं. नोंद ठेवते.

१० ऑगस्ट २०२५, रविवार

छोटी नोंद. यंदा मान्सून केरळात २४ मे लाच आला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी, आणि २६ मे ला मुंबईत. उन्हाळा आखडला, आणि एसी बनवणाऱ्या कंपन्यांची एप्रिल ते जून तिमाहीतली विक्री घसरली. उन्हाळ्यात एसी खपतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ते भावात आधीच बसलेलं असतं. भाव हलतो तो ऋतू अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला की.

उद्या पहिला हप्ता. दहा तारीख रविवारी आली.

२८ ऑगस्ट २०२५, गुरुवार

काल गणेश चतुर्थी, बाजार बंद. नेमक्या कालच अमेरिकेचं भारतीय मालावरचं ५० टक्के आयातशुल्क लागू झालं. आज सेन्सेक्स ७०५ अंक खाली. ऑगस्टच्या रकान्यात हे 'ऑगस्ट' म्हणून नोंदलं जाईल, आणि दहा वर्षांनी कुणीतरी त्याची सरासरी काढेल. म्हणून शीटमध्ये 'कारण' असा नवा रकाना घातला.

७ सप्टेंबर २०२५, रविवार

या महिन्यापासून निफ्टीच्या वायद्यांची एक्सपायरी, म्हणजे मुदत संपायचा दिवस, गुरुवारऐवजी मंगळवारी आली, आणि सेन्सेक्सची मंगळवारहून गुरुवारी गेली. त्या निमित्ताने एका मेलेल्या ऋतूची गोष्ट सापडली.

२००१ पर्यंत आपल्याकडे आठवड्याचं खातं असायचं. मुंबई शेअर बाजाराचं खातं सोमवार ते शुक्रवार, राष्ट्रीय शेअर बाजाराचं बुधवार ते मंगळवार. आठवडाभर घ्यायचं-विकायचं आणि शेवटी हिशेब मिटवायचा. त्यामुळे खातं उघडतानाच्या आणि बंद होतानाच्या दिवशी भावांवर वेगळा दाब असायचा, आणि एका बाजारातून दुसऱ्या बाजारात सौदा सरकवणारी माणसं त्यावरच जगत. बदला पद्धत (सौद्याचा हिशेब पुढच्या खात्यावर ढकलायची सोय) बंद झाली, रोजचा हिशेब सुरू झाला, मुदत कमी होत जानेवारी २०२३ मध्ये सगळे शेअर एका दिवसावर आले. त्या जुन्या वारांना आता काही अर्थ नाही. नमुना खरा होता, त्याला कारण होतं, आणि कारणाबरोबर तो गेला.

अर्थसंकल्पाचं तेच. पूर्वी तो फेब्रुवारीच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मांडला जाई. १९९९ मध्ये यशवंत सिन्हांनी तो सकाळी अकराला आणला, २०१७ पासून तो १ फेब्रुवारीला आला. 'फेब्रुवारीअखेरची धाकधूक' हा शब्द बाबांच्या पिढीचा. आता ती धाकधूक जानेवारीअखेर असते. त्याहून जुन्या आकड्यांची आणि आजच्या आकड्यांची एकाच रकान्यात बेरीज करणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी मिसळणं.

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार

पावसाळा संपला. देशभर पाऊस सरासरीच्या १०८ टक्के, मराठवाड्यात सप्टेंबरात अतिवृष्टीने सोयाबीन पाण्यात. निफ्टी मेअखेर २४,७५०.७०, काल २४,६११.१०. उणे अर्धा टक्का.

हे प्रामाणिकपणे लिहायला हवं: यंदा सरांचं ऐकून थांबलो असतो तरी काही बिघडलं नसतं. भाव जवळपास तोच मिळाला असता आणि मधल्या काळात लिक्विड फंडाचं व्याज मिळालं असतं. बाबांनी सरांना फोन करून हे स्वतः सांगितलं.

२१ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

लक्ष्मीपूजन. यंदा मुहूर्ताचे सौदे संध्याकाळी नव्हते, दुपारी पावणेदोन ते पावणेतीन होते. मुंबई शेअर बाजारात ही प्रथा १९५७ पासून आहे. गुजराती व्यापाऱ्यांचं विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतं. आपल्याकडे शक गुढीपाडव्याला बदलतो, पण तोच दिवाळी पाडवा साडेतीन मुहूर्तांतला अर्धा आहे. वहीपूजन दोन्हीकडे.

सेन्सेक्स ६३ अंक वर, ८४,४२६. २०२० पासून दरवर्षी हा तास वरच बंद झालाय. २०१२, २०१६, २०१७ मध्ये खाली. या तासाला लोक एखाद-दुसरा शेअर शकुन म्हणून घेतात, विकायला फारसं कुणी येत नाही, त्यामुळे थोडी वाढ होणं समजण्यासारखं आहे. कारण आहे, नमुना आहे, पण त्यावरून पुढचं वर्ष कळत नाही. २००७ च्या मुहूर्ताला सेन्सेक्स १९ हजारांच्या आसपास होता, २००८ च्या मुहूर्ताला, त्या दिवशी पाच टक्क्यांहून जास्त चढूनही, ९,००८. आणि २००९ च्या दिवाळीला पुन्हा १७ हजारांच्या वर.

दुपारी सर घरी फराळाला आले. बाबांनी त्यांच्यासमोर वही ठेवली. सरांनी चष्मा लावून मे ची पाच वर्षं वाचली, २००४ ते २००८, आणि म्हणाले, "मी याच वर्षांत शिकलो." मग नाण्यांचा कागद पाहिला. मुलाने त्यांना सगळा खेळ पुन्हा समजावून सांगितला. सर म्हणाले, "पण मुहूर्ताला मी एक शेअर घेणारच." बाबा म्हणाले, "घ्या की. मीही आज वहीची पूजा करणार आहे."

तीच फुलस्केप वही पाटावर ठेवली होती. हळद-कुंकू वाहिलं, पानावर आधी 'श्री' लिहिलं.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

ऑक्टोबर भरला: निफ्टी २५,७२२.१०, अधिक साडेचार टक्के. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर उणे सहा. दोन्ही एकाखाली एक लिहिले.

तीन हप्ते गेले, नऊ उरले. चौथा १० नोव्हेंबरला, सोमवारी. मार्च महिन्याचे आकडे बाबांनी वहीत सुरू केलेत, ते २०२० पर्यंत आलेत. मला २००४ पासून पुन्हा तपासायचे आहेत, तारखांची मांडणी आधी बघून.